घरचे वळण : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

प्रश्न : आम्ही बोरिवलीला राहतो. मी आणि माझे पती दोघेही नोकरी करतो. सकाळी साडेसातला घर सोडतो आणि लोकलच्या गर्दीतून परत यायला रात्रीचे आठ वाजतात. नऊ वर्षांचा मुलगा आणि पाच वर्षांची मुलगी दिवसभर सासूबाईंजवळ असतात. दिवेलागणीला त्या दोघांकडून शुभंकरोती आणि पाढे म्हणून घेतात. पाहुणे आले की मुले वाकून नमस्कार करतात आणि सगळे कौतुक करतात. हाच मुलगा परवा आमच्या इमारतीच्या वॉचमनना ‘ए, माझा बॉल काढून दे’ असे म्हणाला. ते माझ्या वडिलांच्या वयाचे आहेत. घरकामाला येणाऱ्या मावशींशीही तो असाच बोलतो. मी रागावले, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, ‘आई दिवसभर बाहेर, मग संस्कार करणार कोण?’ हे मला फार लागले आहे. मी नोकरी सोडावी का?
— एक आई, बोरिवली

उत्तर : या कारणासाठी तरी नोकरी सोडण्याचा विचार मनातून काढून टाका. तुमच्या मुलांना दिवसभर आजीचा सहवास मिळतो, शाळेतून आल्यावर दार उघडायला घरचे माणूस असते आणि गरम वरणभात मिळतो. मुंबईत हे भाग्य फार थोड्या मुलांच्या वाट्याला येते. आई घरात किती तास असते यापेक्षा घरातली सगळीच मोठी माणसे कशी वागतात, यावर मुलाचे वळण अधिक ठरते, असे अनेक वर्षे पालकांची पत्रे वाचल्यानंतर माझे ठाम मत झाले आहे.

तुमच्या प्रश्नाचे उत्तर तुमच्या पत्रातच आहे. मुलगा पाहुण्यांना वाकून नमस्कार करतो आणि वॉचमनना ‘ए’ म्हणतो, याचा अर्थ आदर कसा दाखवायचा हे त्याला उत्तम येते. तो कोणाला दाखवायचा आणि कोणाला नाही दाखवला तरी चालतो, हेही तो शिकला आहे. हा दुसरा धडा त्याला कोणी तोंडाने दिलेला नसणार. तो त्याने आजूबाजूला पाहून घेतला.

असे धडे कुठे मिळतात ते सांगते. आपल्याकडे पुष्कळ स्वयंपाकघरांत ओट्याच्या कोपऱ्यात, बाकीच्या भांड्यांपासून दूर, कान तुटलेला एक कप उपडा घातलेला असतो. भांडी घासून झाली की मावशी त्या कपातून चहा पितात, बहुधा दाराशी जमिनीवर टेकून, आणि तो स्वतःच विसळून पुन्हा त्याच कोपऱ्यात ठेवतात. याबद्दल घरात कोणी कधी एक शब्दही बोलत नाही. तरीही तो कप कोणाचा आहे हे चार वर्षांच्या मुलालाही बरोबर माहीत असते. कित्येक इमारतींत घरकामाच्या बायकांनी आणि सामान पोहोचवणाऱ्या मुलांनी कोणती लिफ्ट वापरायची याची पाटी लावलेली असते आणि मूल अक्षरे जुळवायला लागले की तीही वाचते. तुमच्या घरी आणि इमारतीत असे काही असेल, तर मुलाला समजावण्याआधी ते बदला. इमारतीचा नियम एकट्याने बदलत नाही, हे मान्य आहे. त्यासाठी सोसायटीच्या सभेत हा विषय काढावा लागेल. कप मात्र आजच्या आज बदलता येतो. मावशींना घरातल्या सगळ्यांसारख्या कपात चहा द्या आणि बसायला खुर्ची द्या. मुलाने त्याचे कारण विचारले, तर ‘त्या आपल्या घरासाठी काम करतात आणि दमतात’ एवढे सरळ उत्तर त्याला पुरे होईल.

वॉचमनच्या बाबतीत मुलाला सगळ्यांसमोर पुढे ढकलून ‘चल, सॉरी म्हण’ असे करू नका. अशा वेळी मूल शरमेपोटी तो शब्द उच्चारते खरे, पण ज्याच्यामुळे शरमेची पाळी आली त्या माणसाविषयीच मनात राग धरते. त्यापेक्षा एखाद्या रविवारी त्याला बरोबर घेऊन खाली जा. त्या काकांचे नाव विचारा, गाव कोणते, घरी कोण कोण असते, नातवंडे किती मोठी आहेत हे विचारा. बोलणे तुम्ही करा, मुलाला नुसते ऐकू द्या. उत्तर प्रदेशातले असोत की कोकणातले, एवढ्या दूर राहून रात्रपाळी करणाऱ्या माणसाला कोणी आपुलकीने विचारले की तो मोकळेपणाने बोलतो, आणि आपल्याच वयाचा एक मुलगा गावी या आजोबांची वाट पाहत आहे हे ऐकल्यावर ‘ए’ म्हणणे मुलाला आपोआप जड जाते.

आता सासूबाईंविषयी. शुभंकरोती आणि पाढ्यांचा त्यांचा क्रम कृपा करून मोडू नका. दिवसातला तेवढा वेळ टीव्ही आणि मोबाइल बंद असतात, दोन नातवंडे आजीला टेकून बसलेली असतात आणि पूर्वीच्या पिढीने पावकी-निमकी जशी सुरात म्हटली तसे हे पाढे म्हटले जातात. हे मोलाचे आहे. त्यांचे बोलणे तुम्हाला लागले, ते लागण्यासारखेच होते. पण त्या वयात दोन मुलांमागे दिवसभर धावणाऱ्या बाईला आपल्या कष्टांची दखल कोणी घेत नाही असे वाटत असण्याचीही शक्यता आहे. मुले झोपल्यावर त्यांच्याजवळ बसा आणि म्हणा, ‘आई, हात जोडायला तुम्ही शिकवलंत. आता वॉचमनकाकांशी आणि मावशींशी कसं बोलायचं तेही तुम्हीच सांगा, तुमचं तो ऐकतो.’ ही विनवणी खरी आहे, कारण दिवसभर त्या त्याच्याजवळ आहेत.

आणखी एक गोष्ट लिहिल्याशिवाय राहवत नाही. तुमच्या पत्रात पतींचा उल्लेख फक्त नोकरीच्या आणि लोकलच्या संदर्भात आला आहे. तेही तेवढेच तास बाहेर असतात, तरीही संस्कारांचा जाब त्यांना कोणी विचारला नाही. मूल चांगले निघाले तर घराण्याचे नाव आणि बिघडले तर आईचे दुर्लक्ष, हा हिशेब आपल्या घरांतून जायला हवा. मावशींशी मुलाचे वडील कसे बोलतात, हे मुलगा आईच्या बोलण्याइतकेच, किंबहुना या वयात अधिक, टिपत असतो. रविवारी खाली जाताना त्यांनाही बरोबर घ्या.

धाकटीसाठी उपदेशाची गरजच नाही, तिला कामे द्या. याबाबत बालशिक्षणाचे काम करणाऱ्या ताराबाई मोडक यांचे उदाहरण घ्या. त्यांनी १९४५ साली बोर्डीला बालवाडी सुरू केली आणि पुढे अनुताई वाघ यांच्यासह ते काम कोसबाडच्या आदिवासी पाड्यांपर्यंत नेले. माँटेसरी पद्धतीचे महागडे साहित्य तिथे परवडणारे नव्हते, म्हणून शंख, शिंपले, पाने, बिया अशा हाताशी असलेल्या वस्तूंतून त्यांनी मुलांना शिकवले. लहान मूल हाताने करते तेच त्याच्यात मुरते, हा त्यांच्या कामाचा पाया होता. पाच वर्षांच्या मुलीला वाटाण्याच्या शेंगा सोलता येतात, पाने घेताना पेले मांडता येतात, ओला आणि सुका कचरा वेगळ्या डब्यांत टाकता येतो. जेवण्याआधी ‘वदनी कवळ घेता’ म्हणणाऱ्या मुलीने आपल्याला हवा तेवढाच भात मागून घ्यावा आणि पानात काही टाकू नये, एवढे जमले तरी त्या श्लोकाचा अर्थ तिला कळला असे समजा.

प्रश्न : माझा मुलगा सातवीत आहे. गणिताच्या चाचणीत त्याला फार कमी गुण मिळाले, तेव्हा त्याने पेपरवर माझी सही स्वतःच केली. वर्गशिक्षिकांनी बोलावून ते दाखवले. घरी आल्यावर मी त्याला मारले. त्याला आज तीन दिवस झाले, तो माझ्याशी बोलत नाही. आमच्या घराण्यात खोटेपणा कधीही खपवून घेतला गेला नाही. आमच्या वडिलांनी आम्हाला मारूनच सरळ केले आणि आमचे काही वाईट झाले नाही. माझे काय चुकले?
— एक वडील, लालबाग

उत्तर : मारणे चुकले. मुलाने सही का केली, याचा शांतपणे विचार करा. कमी गुण दाखवले तर घरी काय होईल याची त्याला भीती वाटली म्हणून त्याने ती केली, आणि तुम्ही हात उगारून त्याची भीती बरोबर होती हे त्याला पटवून दिले. पुढच्या वेळी तो खरे सांगण्याऐवजी सही अधिक हुबेहूब करायला शिकेल. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शाळेत मुलाला शारीरिक शिक्षा करण्यावर आणि त्याचा मानसिक छळ करण्यावर बंदी घातली आहे. परक्या शिक्षकाने जे करू नये असे आपण कायद्याने ठरवले, ते मुलाला सर्वांत जवळच्या असलेल्या माणसाने तर मुळीच करू नये. तुमच्या वडिलांच्या मनात तुमच्याविषयी माया होती आणि ती तुमच्यापर्यंत पोहोचली म्हणून तुम्ही सरळ वाढलात. त्याचे श्रेय छडीला देऊ नका.

खोटेपणा न खपवण्याचा तुमच्या घराण्याचा बाणा मला मनापासून आवडला, म्हणूनच तो सगळ्या घराला लागू करा असे सुचवते. दारावर वर्गणी मागणारे आले की आपण मुलाला ‘बाबा घरी नाहीत म्हणून सांग’ असे सांगतो. पाच वर्षे पूर्ण झालेल्या मुलाचे लोकलला अर्धे तिकीट काढावे लागते. ते वाचवण्यासाठी कित्येक चांगल्या घरांतली माणसे पोराला स्टेशनवर बजावतात, ‘कोणी विचारलं तर चार वर्षांचा आहे म्हण.’ त्या दिवशी दहा-पाच रुपये वाचतात आणि गरज पडली की खोटे बोलायचे असते हे मूल आई-वडिलांच्याच तोंडून शिकते. तुमच्या घरी हे घडते असे मी म्हणत नाही, परंतु एकदा मागे वळून पाहा.

आता करायचे काय? मुलाने बोलायची वाट पाहू नका, आज रात्री तुम्हीच बोला. मारायला नको होते, असे त्याला स्पष्ट शब्दांत सांगा. त्याने वडिलांचा मान कमी होत नाही. कितीही कमी गुण असले तरी पेपर मीच सही करून देईन, असा शब्द द्या आणि तो पाळा. मात्र सहीची गोष्ट तशीच सोडून देऊ नका. तुम्ही त्याच्याबरोबर शाळेत जा आणि बाईंशी त्याला स्वतःला बोलू द्या. तो बोलत असताना मध्ये पडू नका, फक्त शेजारी उभे राहा. गणित कुठे अडले आहे तेही पाहा. सातवीत अपूर्णांक कच्चे राहिले की पुढचे सगळेच अडते, आणि रोज थोडा वेळ बरोबर बसणारे कोणी असेल तर ती अडचण महिन्या-दोन महिन्यांत दूर होते.

प्रश्न : माझी नात बारा वर्षांची आहे. पाने घ्यायला किंवा भाजी निवडायला सांगितली की म्हणते, ‘दादाला का नाही सांगत?’ आमच्या वेळी अशी उलट उत्तरे देण्याची कोणाची हिंमत नव्हती. मुलीच्या जातीला सासरी जायचे असते, तेव्हा तिला आतापासून वळण लावायला नको का?
— एक आजी, मुलुंड

उत्तर : आजी, वळण अवश्य लावा, पण नातीने विचारलेला प्रश्न उलट उत्तर नाही, तो न्यायाचा प्रश्न आहे आणि तिला त्याचे खरे उत्तर मिळायला हवे. १९९४ साली महाराष्ट्राने हिंदू वारसा कायद्यात बदल करून वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाच्या बरोबरीने हक्क दिला आणि २००५ साली केंद्रानेही तसाच बदल केला. मालमत्तेत वाटा सारखा आणि कामात मात्र सगळा भार मुलीवर, हे तिला कोणत्या तोंडाने पटवून द्यायचे? तुमच्या लहानपणी भाऊ खेळायला जात असताना तुम्हाला चुलीपुढे बसावे लागले असेल, तर तेव्हा तुमच्याही मनात हेच आले असणार. नातीने ते बोलून दाखवले, कारण तिला तुमचा धाक वाटत नाही, तुमच्यावर विश्वास वाटतो. तो विश्वास जपण्यासारखा आहे.

नातवालाही उद्या शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी परगावी राहावे लागेल आणि त्याच्या बायकोची नोकरीही त्याच्याइतकीच धावपळीची असेल. तेव्हा दोघांना आळीपाळीने कामे द्या: एक दिवस पाने घेणे तिच्याकडे आणि भाजी त्याच्याकडे, दुसऱ्या दिवशी उलट. सुनेला आणि मुलाला आधी विश्वासात घ्या, नाहीतर ‘अभ्यास आहे त्याचा’ असे म्हणत कोणीतरी त्याला सोडवेल. त्याची सुरुवात कोशिंबिरीच्या काकडीपासून करा आणि विळीऐवजी सुरी द्या. शिकवणे तुमच्याकडेच ठेवा, कारण आजीने सांगितलेले काम या वयातही मुलाला कमीपणाचे वाटत नाही. पहिले काही दिवस फोडी लहानमोठ्या होतील; त्या हातात घेऊन नीट करू नका, तशाच पानात वाढा.