नदीवर धरण आणि जलमार्ग असा एकत्र प्रकल्प येत असेल, तर पर्यावरणीय-सामाजिक अहवालात नेमकं काय वाचावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: धरण बांधून नदी बारमाही जहाजांसाठी खुली करायचा प्रकल्प येतोय, हजारभर पानांचा अहवाल हाती आहे, सुनावणीला पंधरा दिवस उरलेत. यात काय वाचू? आणि हे संरक्षणाचे उपाय खरंच चालतात की ती नुसती कागदी नाव?

हजार पानं वाचत बसू नका. असे अहवाल वाचून त्यांचे सारांश काढणं हे काही वर्षं माझं पोटापाण्याचं काम होतं. तेव्हा लागलेली सवय सांगतो: अहवाल मागून उघडायचा. जोडपत्रांत कुठेतरी ‘जलाशय परिचालन’ किंवा ‘विसर्ग वेळापत्रक’ अशा रुक्ष नावाचा तक्ता असतो. कोणत्या महिन्यात किती पाणी अडवणार, किती सोडणार, पाणी कमी पडलं तर आधी कोणाचं तोडणार, हे त्यात असतं. हा तक्ता मिळाला की निम्मा अहवाल समजला. मिळाला नाही, तर तुमची पहिली हरकत तिथेच तयार झाली.

नुसत्या धरणाच्या आणि धरण-जलमार्गाच्या प्रकल्पात एक मोठा फरक आहे. जहाजाला नदी रस्त्यासारखी लागते. बाराही महिने ठरावीक खोली, ठरावीक रुंदी, आणि पात्राने जागा सोडायची नाही. नदीचा स्वभाव याच्या अगदी उलट. ती चढते, उतरते, एक काठ खाते आणि दुसऱ्या काठाला मळई घालते. काठची माणसं या चढउताराच्याच हिशेबाने जगतात. पूर ओसरला की ओल्या गाळावर पेरायचं, पाणी उतरलं की उताराने पलीकडे चालत जायचं, पहिल्या लोंढ्याबरोबर मासा वर चढला की जाळं टाकायचं. जलमार्ग हा चढउतारच सपाट करतो. म्हणून झाडं किती लावणार आणि धूळ बसवायला टँकर किती फिरवणार यापेक्षा पाण्याचं वेळापत्रक मला महत्त्वाचं वाटतं. (झाडांची संख्या मात्र प्रत्येक अहवालात ठळक अक्षरांत असते.)

याचं सगळ्यात शिकण्यासारखं उदाहरण पश्चिम आफ्रिकेतल्या सेनेगल नदीचं आहे. माली, मॉरिटानिया आणि सेनेगल या तीन देशांनी 1972 मध्ये या नदीसाठी एक संयुक्त संस्था काढली. मालीला समुद्रकिनारा नाही, त्याला बंदरापर्यंत जलमार्ग हवा होता. मॉरिटानिया आणि सेनेगलला सिंचन हवं होतं, वीज तिघांनाही हवी होती. मग मुखाजवळ दियामा इथे 1986 मध्ये खारं पाणी अडवणारं धरण झालं आणि वर मालीत मानंताली इथे 1988 मध्ये साठवणीचं मोठं धरण झालं. नदीकाठच्या बाकेल या ठिकाणी सेकंदाला 300 घनमीटर प्रवाह कायम राखायचा आणि मुखाजवळच्या सेंट लुईपासून मालीतल्या काये गावापर्यंत सुमारे 900 किलोमीटर जहाजं चालवायची, असा बेत होता. वीज मिळायला 2001-02 साल उजाडलं. कल्पनेतली बारमाही मोठी जहाजवाहतूक तर उभीच राहिली नाही. पण नदी मात्र बदलून गेली.

दियामा होण्याआधी कोरड्या हंगामात समुद्राचं खारं पाणी नदीत दोनशेएक किलोमीटर आत शिरायचं. ते थांबवणं हा तर धरणाचा उद्देशच होता, आणि तो सफल झाला. गोडं, संथ, बारमाही पाणी मिळालं. त्या पाण्यात पाणकणीस माजलं. कालवे आणि उसाचे मळे असलेल्या रिशार्-तोल गावाच्या परिसरात एका जातीच्या गोगलगायी वाढल्या. या गोगलगायी शिस्टोसोमियासिस नावाच्या रोगाच्या कृमी पसरवतात. आतड्याचा हा रोग तिथे आधी जवळपास नव्हताच. 1988 मध्ये पहिले रुग्ण सापडले आणि काही वर्षांत तिथल्या बहुसंख्य लोकांना लागण झाली. कपडे धुणारी बाई, पाण्यात डुंबणारं पोर, बांध घालणारा शेतकरी, कोणीच सुटलं नाही. त्याच्या आदल्या वर्षी, 1987 मध्ये, मॉरिटानियाच्या बाजूला डासांतून पसरणाऱ्या रिफ्ट व्हॅली तापाची मोठी साथ आली होती. तिचाही संबंध अभ्यासकांनी धरणामुळे पसरलेल्या पाण्याशी जोडला.

यातला एक बारकावा माझ्या डोक्यातून जात नाही. त्या नदीत या गोगलगायी खाणारा एक मोठा झिंगा होता. तो राहायचा गोड्या पाण्यात, पण त्याची पिल्लं वाढायला मुखाजवळचं मचूळ पाणी लागायचं. दियामाने ती वाट बंद केली, झिंगा संपत गेला, आणि गोगलगायींना खाणारं कोणी उरलं नाही. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात गावच्या पाणवठ्यावर झिंगे पुन्हा सोडून पाहिले, तर रोगवाहक गोगलगायी आणि लोकांतला पुन्हा होणारा संसर्ग, दोन्ही कमी झाले. आता सांगा, तुमच्या अहवालातलं ‘आरोग्य’ हे प्रकरण आणि ‘मत्स्यजीवन’ हे प्रकरण एकमेकांशी बोलतात का? बहुतेक वेळा ती दोन वेगळ्या तज्ज्ञांनी लिहिलेली असतात आणि ते दोघे कधी भेटलेलेही नसतात.

मानंतालीचा धडा वेगळा. पूर ओसरल्यावरच्या गाळपेर शेतीवर त्या खोऱ्यातली असंख्य कुटुंबं जगत होती. म्हणून सुरुवातीची काही वर्षं धरणातून मुद्दाम पाणी सोडून कृत्रिम पूर आणला गेला. पुढे वीजनिर्मितीची पाळी आली तेव्हा भांडण उघड झालं, कारण पुरासाठी सोडलेलं पाणी टर्बाइनला मुकतं. या देशांनी केलेल्या 2002 च्या जल सनदेत, म्हणजे पाणीवाटपाच्या करारात, कृत्रिम पुराची तरतूद आली, ती धरण पुरं झाल्यानंतर चौदा वर्षांनी. म्हणून म्हणतो, तुमच्याकडच्या वेळापत्रकात पुरासाठीचं पाणी बांधकामाआधीच लिहून घ्या. ‘उपलब्धतेनुसार सोडण्यात येईल’ असं वाक्य दिसलं तर ते पाणी सुटणार नाही असंच धरून चाला.

माशांबद्दल. अहवालात ‘मत्स्यमार्ग बांधण्यात येईल’ असं असेल, तर विचारा: कोणत्या माशासाठी? मत्स्यजिने मुळात उड्या मारत प्रवाहाविरुद्ध चढणाऱ्या सॅमनसारख्या माशांसाठी विकसित झाले. थायलंडच्या पाक मून धरणावर (1994) तसा जिना बांधला, तो तिथल्या माशांना उपयोगी पडला नाही. शेवटी 2001 मध्ये दरवाजेच उघडून पाहावे लागले. चीनमध्ये यांगत्से नदीवर गेझौबा इथे 1981 मध्ये प्रवाह अडवला. तिथे जहाजांसाठी लॉक आहेत, म्हणजे पाणी भरून-उपसून जहाज वर-खाली नेणारे कप्पे. स्टर्जन माशाला मात्र वाट ठेवली नाही, त्याऐवजी पैदास केंद्रात पिल्लं वाढवून नदीत सोडायचं ठरलं. त्याच नदीतला लांब सोंडेचा पॅडलफिश 2003 नंतर कोणाला जिवंत दिसला नाही आणि 2022 मध्ये तो अधिकृतपणे नामशेष ठरला. धरण हे त्यामागचं एकमेव कारण नव्हतं, बेसुमार मासेमारीही होती, पण अंडी घालायला वर जायची वाट तुटली हे मोठं कारण.

गंगेवरच्या फराक्का बंधाऱ्याची (1975) गोष्ट आपल्याला जवळची. हुगळीत पाणी वळवून कोलकाता बंदराचा गाळ धुवायचा, हा त्याचा हेतू, म्हणजे मुळातच जहाजांसाठी केलेलं काम. आधी हिल्सा मासा अलाहाबादच्याही वर जायचा. बंधाऱ्यानंतर वरच्या भागातल्या कोळ्यांचा हिल्सा जवळपास संपला. बऱ्याच वर्षांनी जलमार्गासाठी नवं लॉक बांधायला घेतलं, तेव्हा हिल्साच्या हंगामात पहाटेच्या ठरावीक तासांत त्याचा दरवाजा माशासाठी उघडा ठेवायची योजना 2019 मध्ये जाहीर झाली. अशी कलमं मला आवडतात. त्यात तास आहे, दरवाजा आहे, आणि दरवाजा उघडला की नाही हे काठावर उभं राहून कोणालाही बघता येतं.

आता माणसांकडे. बुडीत क्षेत्रातल्या गावांची यादी सहसा असते, कारण तिथे जमीन संपादन करावीच लागते. घोळ होतो तो यादीबाहेरच्यांचा. सरदार सरोवराची चौकशी करायला जागतिक बँकेने नेमलेल्या मोर्स समितीने जून 1992 च्या अहवालात नेमकं हेच दाखवलं होतं: कालव्यासाठी ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांना बुडितातल्या लोकांसारखं प्रकल्पग्रस्त धरलंच नव्हतं, आणि धरणाच्या खालच्या बाजूच्या नदीचं काय होईल याचा धड अभ्यास नव्हता. जागतिक धरण आयोगाने (त्यावर मेधा पाटकरही सदस्य होत्या) नोव्हेंबर 2000 मध्ये जगभरातल्या मोठ्या धरणांनी विस्थापित केलेल्यांचा अंदाज 4 ते 8 कोटी असा दिला. अंदाजातच चार कोटींची फट आहे. मोजलंच नसेल तर आकडा कुठून येणार?

तेव्हा तुमच्या यादीत हे लोक शोधा: फुगवट्याच्या पाण्यात ज्यांची शेतं दर पावसाळ्यात जातील पण घरं वाचतील ते. धरणाच्या खालचे मासेमार. तरीवर माणसं पलीकडे नेणारे नावाडी. वाळूपट्ट्यावर दुसऱ्याच्या नावच्या किंवा कोणाच्याच नावच्या नसलेल्या जमिनीत भाजी काढणाऱ्या बाया. सातबाऱ्यावर यांचं नाव नसतं, म्हणून सर्वेक्षणातही नसतं. सर्वेक्षण कोणत्या महिन्यात झालं तेही बघा. भर उन्हाळ्यात झालं असेल तर पावसाळ्यात येणारे मासेमार त्यात दिसणारच नाहीत. आणि नोंदणीची शेवटची तारीख गावात कधी, कोणत्या भाषेत जाहीर केली ते विचारा, कारण त्या तारखेनंतर आलेल्यांना सहसा भरपाईतून वगळतात.

प्रकल्पाला जागतिक बँकेचं कर्ज असेल, तर तिची 1 ऑक्टोबर 2018 पासून लागू झालेली पर्यावरणीय-सामाजिक चौकट, म्हणजे कर्जदाराने पाळायचे नियम, पाहा. तिच्यात दहा मानकं आहेत. पाचवं मानक जमीन संपादन आणि पुनर्वसनाचं. त्यात ‘आर्थिक विस्थापन’ही येतं, म्हणजे घर जागेवर राहिलं आणि पोट बुडालं तरी. पण यात एक मेख आहे. हे मानक जमीन घेण्याशी किंवा तिच्या वापरावरच्या निर्बंधांशी जोडलेलं आहे. विसर्ग बदलल्यामुळे पन्नास किलोमीटर खालच्या मासेमाराचं उत्पन्न गेलं, तर ‘हे पाचव्यात बसत नाही’ असं सांगून हात झटकता येतात. अशा वेळी पहिल्या मानकाकडे, म्हणजे प्रकल्पाच्या एकूण पर्यावरणीय-सामाजिक परिणामांच्या मूल्यमापनाकडे, बोट दाखवा. जमीन संपादनातून थेट न आलेलं उपजीविकेचं नुकसान त्याखाली बघायचं असतं, हे त्याच चौकटीत लिहिलेलं आहे.

जलमार्गाच्या अंगाने दोन-तीन गोष्टी पटापट. उपसलेला गाळ कुठे टाकणार ते नकाशावर दाखवायला सांगा. जहाजांच्या लाटांनी काठ ढासळतात, म्हणून वेगमर्यादा आणि ती मोजणार कोण ते विचारा. नदीत डॉल्फिन असतील तर जहाजांचा आणि गाळ उपशाचा आवाज हा विषय गंभीर आहे, कारण गंगेतला डॉल्फिन जवळपास आंधळा असतो, तो आवाजाच्या प्रतिध्वनीवर वाट आणि भक्ष्य शोधतो. आणि प्रकल्पाचे तुकडे पाडलेत का ते जरूर तपासा: धरण एका अहवालात, लॉक दुसऱ्यात, धक्का आणि रस्ता तिसऱ्यात, आणि प्रत्येक अहवाल म्हणतो परिणाम किरकोळ.

पैशाचं पान शेवटी वाचा, पण नीट वाचा. प्रत्येक उपायापुढे रक्कम, जबाबदार माणसाचं पद आणि मुदत आहे का? ठेकेदाराच्या निविदेत हे उपाय घातलेत का? निविदेत नसतील तर ठेकेदार पुढे जादा दर मागेल किंवा काम टाळेल. पुनर्वसन पुरं झाल्याशिवाय दरवाजे बंद करून पाणी भरायचं नाही, ही अट कर्जाच्या करारात आहे की नुसती प्रस्तावनेत? नर्मदा लवादाच्या 1979 च्या निवाड्यात पुनर्वसन बुडिताआधी करायचं हे स्पष्ट होतं, तरी पुढची कित्येक दशकं भांडण त्यावरच चाललं.

‘हे उपाय चालतात का’ याचं माझं उत्तर: काही चालतात. सगळ्यात चांगलं चालतं ते काम होण्याआधी टाळलेलं नुकसान. मेकाँग नदीत मोठी जहाजं जावीत म्हणून खडक सुरुंगाने फोडायचे होते. काठच्या लोकांनी वर्षानुवर्षं विरोध केला आणि थायलंडच्या मंत्रिमंडळाने फेब्रुवारी 2020 मध्ये आपल्याकडचं ते काम रद्द केलं. एकदा फोडलेला खडक कुठल्या व्यवस्थापन आराखड्याने परत बसला असता?

सुनावणीत बोलायला तीन मिनिटंच मिळतात असं समजा आणि तीनच प्रश्न लेखी न्या: पुरासाठीचं पाणी कोणत्या महिन्यात, किती, कोण सोडणार, धरणाच्या खालचे मासेमार आणि नावाडी यादीत किती, आणि रोजच्या विसर्गाची नोंदवही लोकांना कुठे बघायला मिळणार. प्रत्येक प्रश्न इतिवृत्तात तुमच्या शब्दांत उतरला का ते तिथेच वाचून घ्या, आणि पोच घेतल्याशिवाय निघू नका.