सौ., श्रीमती की नुसतं नाव?

प्रश्न : ताई, माझी मुलगी दीड वर्षापासून माझ्याकडे राहते. दोघांनी संमतीने कोर्टात अर्ज दिलाय, पुढची तारीख दिवाळीनंतर आहे. कुणी विचारलं की मी 'जावई दुबईला असतात' म्हणून वेळ मारून नेते. आता मुलाचं लग्न ठरलंय. पत्रिकेत मुलीच्या नावाआधी सौ. लावू की श्रीमती? माझे दीर म्हणतात, 'काडीमोड झालेलीचं नाव शुभकार्यात नको. आपल्यात असलं कधी झालं नाही.' परवा बहिणीशी फोनवर बोलताना 'त्यांनी तिला सोडलं' असं तोंडातून गेलं, तर मुलगी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. म्हणायचं तरी काय?
— एक आई, सातारा

उत्तर : आधी त्या अबोल्याचं बघू. सोडलं, टाकलं, माहेरी धाडलं... या सगळ्या शब्दांत करणारा नवरा आणि मुलगी म्हणजे नुसतं गाठोडं. 'टाकलेली' हा शब्द आपल्याकडे सर्रास चालतो, पुरुषाला तो कुणी लावत नाही. सोडचिठ्ठीसुद्धा एकाने लिहायची आणि दुसऱ्याने मुकाट घ्यायची. तुमच्या लेकीने स्वतःच्या हाताने अर्जावर सही केली आहे, तिला राग येणारच. 'ती दोघं विभक्त झालीत' एवढंच म्हणा. 'वेगळी राहते' मात्र म्हणू नका. ऐकणाऱ्याला वाटेल, सासूपासून वेगळी चूल मांडली, आणि पेढे मागतील.

'घटस्फोट झाला' हेही अजून खरं नाही. परस्पर संमतीची सोय हिंदू विवाह कायद्यात 1976 साली आली, कलम 13 ब. त्यात वर्षभर वेगळं राहिल्यावर अर्ज करता येतो आणि मग साधारण सहा महिने थांबावं लागतं. 2017 पासून सर्वोच्च न्यायालयाने ही मुदत काही प्रकरणांत माफ करायची मुभा दिलीय, पण ते कोर्टाच्या हातात. हुकूमनामा हातात पडेपर्यंत कायद्याने ती त्याची बायकोच आहे. तोवर दुसऱ्या स्थळाची बोलणीही कुणी सुरू करू नये. (लग्नघरात अशा उत्साही मावश्या असतात.)

आता तुमच्या दिरांचं. 'असलं कधी झालं नाही' हे तुमच्या घरापुरतं खरं असेल. पण ज्या शब्दाने ते नाक मुरडतात तो शब्दच सांगतो की आपल्या मुलखात हे जुनं आहे. कितीतरी जातींत पंचांसमोर काडी मोडायची, की नवरा-बायको मोकळी. फारकत लिहून द्यायची रीत होती, मग पाट लावून बाई पुन्हा नांदायला जायची. वरच्या म्हणवणाऱ्या जातींत ही सोय नव्हती. त्यांना मुंबई प्रांतात 1947 च्या कायद्याने आणि देशभर 1955 च्या कायद्याने ती मिळाली. आता तर पक्षांची युती तुटली तरी पेपरवाले काडीमोड झाल्याचं मजेत छापतात.

आणि 'घटस्फोट' तर मुळात लग्नाचा शब्दच नव्हे. जुन्या धर्मशास्त्रात तो पतित ठरवलेल्या माणसाला नातलगांनी तोडण्याचा विधी होता. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात त्याचं वर्णन आहे: दासीने पाण्याने भरलेला घडा पायाने लवंडायचा आणि भाऊबंदांनी एक दिवस सुतक पाळायचं. तो माणूस जिवंत असताना! ताई, घरची धाकटी-थोरली सगळी नावं पत्रिकेत छापून एकच गाळायचं, तर तो त्या जुन्या अर्थाचा घटस्फोट झाला. आणि तो कोर्टाने नाही, तुम्ही दिलेला.

राहिला सौ.चा प्रश्न. आज सौ. छापलं तर कायद्याने चूक नाही, पण लग्नात चार जण विचारतील, 'जावई कुठे दिसत नाहीत?' श्रीमती खरं तर कुठल्याही बाईला चालतं, पण आपल्याकडे पत्रिकेत ते वाचलं की लोक जावई गेला असं धरून चालतात. म्हणून सगळ्याच बायकांच्या नावाआधीचं हे शेपूट काढून टाका. तुमच्या, जावेच्या, आत्यांच्याही. एकटीच्याच नावाआधीचं काढलंत तर ते सौ.पेक्षा जास्त उठून दिसेल. नाव माहेरचं की सासरचं, हे तिला विचारा. ती नोकरी करत असेल तर बँकेत, आधारवर जे असेल तेच तिला बरं वाटेल कदाचित.

दुबई तेवढी आवरती घ्या. आज दुबई, उद्या रजा मिळाली नाही, परवा विमान चुकलं. तुमच्या नव्या विहीणबाईंना हे मांडवात कुणाकडून तरी कळण्याआधी तुम्हीच फोन करा. दोन वाक्यं पुरेत: 'मुलगी आणि जावई विभक्त झालेत, कोर्टात काम चालू आहे. मुलगी आमच्याकडेच असते.' पुढे त्यांनी खोदून विचारलं तर 'ते तिचं तिलाच माहीत' म्हणा आणि साड्यांवर या.

छापखान्यातून प्रूफ आलं की दिरांच्या आधी तिला दाखवा. करवली कोण होणार हेही त्याच वेळी बोलून घ्या. सख्खी बहीण घरात असताना करा चुलत बहिणीच्या हातात देण्याचं आधीच ठरलं असेल, तर ते तिला तुमच्याकडून कळू दे. तसं ठरवण्याआधी विचारलंत, तर त्याहून बरं.