ख्रिस्त विश्वासणाऱ्यांमध्ये राहतो म्हणजे नेमकं काय?

ख्रिस्त पवित्र आत्म्याच्या, म्हणजे देवाच्याच आत्म्याच्या, द्वारे विश्वासणाऱ्याच्या अंतःकरणात वस्ती करतो आणि त्याचं जगणं आतून बदलत नेतो, असा त्याचा अर्थ आहे. याला आधार बायबलमधल्या, प्रेषित पौलाने लिहिलेल्या पत्रांत मिळतो. रोमकरांस पत्र ८:९-११ मध्ये देवाचा आत्मा, ख्रिस्ताचा आत्मा आणि 'ख्रिस्त तुमच्यामध्ये' हे शब्द तो एका दमात, एकाच गोष्टीबद्दल वापरतो. मला स्वतःला इफिसकरांस पत्र ३:१४-१७ फार मोलाचं वाटतं. ख्रिस्ताने पत्राच्या वाचकांच्या अंतःकरणात राहावं म्हणून पौल तिथे गुडघे टेकतो, आणि ज्यांच्यासाठी टेकतो ती माणसं तर आधीच विश्वासात आलेली! म्हणजे हे राहणं एकदा घडून संपत नाही. घरी आलेला पाहुणा घरधनी व्हावा तसं ते वाढत जातं. राग, पैसा, जुनी वैरं, एकेक खोली त्याच्या ताब्यात जाते. मात्र यात माणूस स्वतः ख्रिस्त होत नाही, त्याच्यात विरघळूनही जात नाही. गलतीकरांस पत्र २:२० मध्ये ख्रिस्त माझ्या ठायी जगतो असं म्हणणारा पौल त्याच वचनात, मी देहात जे जगतो ते विश्वासाने जगतो, असंही सांगतो.