ताई, जंतांमुळे माझी कूस उजवत नाही का?

भाताची लावणी आटोपली आणि श्रावणाच्या सुरुवातीला सुजाता सासूसोबत आमच्या दवाखान्यात आली. (नाव बदललं आहे.) वय २४, लग्नाला तीन वर्षं झालेली. बसायच्या आधीच सासूबाईंनी मोबाइल माझ्यापुढे धरला. बाईला मूल होणं न होणं पोटातल्या जंतांवर असतं, परदेशात सिद्ध झालंय, असा कुणीतरी पाठवलेला मजकूर होता.

"हिला लहानपणापासून जंत होत होते. माहेरच्यांनी लपवलं," त्या म्हणाल्या. आणि आरोग्य केंद्रातून मिळालेली जंतांची गोळी? ती त्यांनीच घेऊ दिली नव्हती. असल्या गोळ्यांनी गर्भाशय सुकतं, असं त्यांना कुणी सांगितलं होतं. म्हणजे जंत आहेत म्हणून दोष सुनेचा, आणि औषध मात्र द्यायचं नाही.

सुजाता गप्प होती. ओढणीच्या गाठीतून काहीतरी काढून हळूच तोंडात टाकत होती. मी हात पुढे केला तर तिने लाजत माझ्या तळव्यावर ठेवलं. कच्चे तांदूळ होते. "सवय लागलीय. नाही खाल्ले तर चैन पडत नाही." नखं कागदासारखी पांढरी. पायांच्या बोटांमध्ये चिखल्यांनी कातडी सोललेली.

सासूबाईंना, म्हणजे काकूंना, बाहेर चहा देऊन बसवलं, तेव्हा सुजाता बोलली. "ताई, माझ्यात किडे आहेत म्हणून राहत नाही का?"

हा प्रश्न मला निरनिराळ्या शब्दांत नेहमी येतो, म्हणून त्या मजकुरामागचा खरा अभ्यास इथे सांगते. बोलिव्हियात ॲमेझॉनच्या जंगलात त्सिमाने लोक राहतात. शिकार, मासेमारी आणि थोडी शेती यांवर त्यांचं पोट चालतं. गर्भनिरोधकं फारशी नाहीत, एकेका बाईला सरासरी नऊ मुलं. संशोधक ॲरन ब्लॅकवेल आणि सहकाऱ्यांनी तिथल्या ९८६ स्त्रियांची नऊ वर्षांची माहिती तपासली आणि २०१५ मध्ये 'सायन्स' या विज्ञानाच्या नियतकालिकात निष्कर्ष मांडले. ज्यांना गोल जंत होते त्यांना पहिलं मूल लवकर झालं, दोन बाळंतपणांतलं अंतरही कमी राहिलं. ज्यांना अंकुशकृमी, म्हणजे आतड्याला चिकटून रक्त पिणारे जंत, होते त्यांचं उलट, पहिलं मूल उशिरा आणि पुढचीही उशिरा. संशोधकांचा अंदाज असा की जंत शरीराच्या प्रतिकारशक्तीचा तोल बदलतात. गर्भ अर्धा बापाचा, आईच्या शरीराला अर्धा परका. तो नाकारला जाऊ नये म्हणून तोच तोल महत्त्वाचा असतो.

पण हा शेकडो बायकांचा एकत्रित कल आहे. त्यावरून समोर बसलेल्या एका मुलीला मूल का होत नाही, हे सांगता येत नाही. अंकुशकृमी असलेल्या त्सिमाने बायकांनाही मुलं झालीच, उशिरा झाली. आणि "मग गोल जंत राहू देऊ का?" असं एका बाईने मला खरंच विचारलं होतं. नाही, बाई. ते अन्नातलं पोषण खातात, फार वाढले तर आतड्यात गुंता होऊन शस्त्रक्रियेची वेळ येते.

सुजाताच्या बाबतीत मला काळजी वाटली ती अंकुशकृमीची. उघड्यावर शौच होते तिथल्या ओल्या मातीत त्याच्या अळ्या असतात. अनवाणी पायाच्या कातडीतून त्या आत शिरतात, रक्तातून फुप्फुसात, तिथून घशात आणि गिळल्या गेल्या की लहान आतड्यात. तिथे चिकटून वर्षानुवर्षं रक्त पितात. कच्चे तांदूळ, माती, खडू खावासा वाटणं ही बऱ्याचदा लोह कमी झाल्याची खूण असते. घरात याला 'वाईट खोड' म्हणून मारतात, याचं मला फार वाईट वाटतं. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय आहे, असं २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसलं. त्यातल्या कितीजणींना आपण खोडीसाठी बोललो असू!

तपासणीत हिमोग्लोबिन ७.४ आलं, शौचात अंकुशकृमीची अंडी सापडली. गोळीबद्दल मी दोघींना समोरासमोर बसवून सांगितलं. गर्भाशय सुकवणारं त्यात काही नाही. काळजी एवढीच की गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत ती देत नाहीत, म्हणून दिवस राहायची वाट बघणाऱ्या बाईने डॉक्टरांना तसं आधी सांगायचं. डॉक्टरांनी तिला पाळी आल्यावर अल्बेंडाझोल ही जंतांची गोळी दिली, तो एक महिना दिवस राहू न देता जाऊ द्यायला सांगितलं आणि लोहाच्या गोळ्या सुरू केल्या. लोहाची गोळी चहासोबत घ्यायची नाही, लिंबू पिळलेल्या जेवणानंतर घेतली तरी चालेल, हेही सांगावं लागतं. शेतात जाताना गमबूट.

मग मी काकूंना विचारलं, "मुलाची तपासणी केलीत का?" त्या गप्प झाल्या. तीन वर्षांत देव झाले, अंगारे झाले, सुजाताची दोनदा सोनोग्राफी झाली, पण वीर्यतपासणी, जी सगळ्यांत सोपी, ती कुणी सुचवलीच नव्हती. नवऱ्याला मी फोन केला. तो चिडला नाही. "मला कुणी म्हटलंच नव्हतं, मॅडम," म्हणाला आणि पुढच्याच आठवड्यात आला. शुक्रजंतूंची संख्या कमी निघाली. त्याचेही उपचार सुरू झाले.

दिवाळीनंतर तिघं पुन्हा आली. दिवस अजून राहिले नव्हते. हिमोग्लोबिन १०.८ झालं होतं, ओढणीच्या गाठीत काही नव्हतं. दिवाळीत चकल्यांचा घाणा एकटीने काढला, दम लागला नाही, असं सुजाता सांगत होती. निघताना काकू दारात थबकल्या. "मॅडम, ती गोळी मला पण मिळेल का?" मी त्यांच्या पायांकडे पाहिलं. तीस पावसाळे त्याच वाफ्यात त्याही अनवाणीच उभ्या राहिल्या होत्या.

मी केसपेपर काढायला सांगितला.