‘प्रायमेट’ला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न असा: नायजेरियाच्या अँग्लिकन (म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतल्या) चर्चवरील मजकुरात ‘प्रायमेट’ आला आहे, त्याला ‘सर्वोच्च धर्मगुरू’ लिहिलं तर चालेल का? आणि पुढचं ‘सुवार्तेशी विश्वासू’ (‘फेथफुल टू द गॉस्पेल’) हे बरोबर आहे का?

‘सर्वोच्च धर्मगुरू’ नको. वाचकाला लगेच पोप आठवतात, आणि अँग्लिकनांत पोपसारखं पद नाही. ‘प्रायमेट’ म्हणजे एका देशातल्या किंवा प्रदेशातल्या चर्चचा पहिल्या मानाचा बिशप. दुसऱ्या देशाच्या चर्चवर त्याचा हुकूम चालत नाही, इंग्लंडच्या चर्चचे प्रमुख असलेल्या कँटरबरीच्या आर्चबिशपचाही चालत नाही. म्हणून तर जून २००८ मध्ये नायजेरियाचे प्रायमेट पीटर अकिनोला आणि त्यांच्या विचाराच्या बिशपांना जेरुसलेममध्ये वेगळी परिषद भरवून आपली भूमिका मांडावी लागली. आदेश काढून भागण्यासारखं असतं, तर परिषदेचा खटाटोप कशाला?

नुसतं ‘आर्चबिशप’ लिहून सुटका होईल का, हे देशावर आहे. युगांडाच्या अँग्लिकन चर्चमध्ये आर्चबिशप एकच, तोच प्रायमेट. त्यामुळे १९७७ साली हुकूमशहा इदी अमीनच्या राजवटीत मारले गेलेले जनानी लुवुम यांना ‘युगांडाचे आर्चबिशप’ म्हटलं की पुरतं. नायजेरियात चर्चचे अनेक प्रांत आहेत आणि प्रत्येकाला आपला आर्चबिशप. तिथे ‘नायजेरियाचे आर्चबिशप’ म्हणजे नेमके कोणते, हे कळत नाही. ‘नायजेरियाच्या अँग्लिकन चर्चचे प्रमुख आर्चबिशप (प्रायमेट)’ असं एकदा लिहा, पुढे नुसतं ‘प्रायमेट’. यंत्रावर अनुवाद टाकणार असाल तर तपासून घ्या, प्राणिशास्त्रातला ‘प्रायमेट’ म्हणजे नरवानर गण, आणि बिशपसाहेबांची त्यात गणना झालेली बरी दिसणार नाही.

‘मॉडरेटर’ हा शब्द मात्र इथे आणू नका. १९७० साली नागपुरात स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या प्रमुखाला मॉडरेटर म्हणतात, म्हणून आपल्याकडच्या अनुवादकाच्या हाताला तो पटकन लागतो. जगभरच्या अँग्लिकन प्रायमेटांच्या बैठकीत हे मॉडरेटरही बसतात, हे खरं. पण नायजेरियाच्या चर्चमध्ये त्या पदाचं नाव ‘प्रायमेट’च आहे. पूर्व आफ्रिकेच्या प्रेस्बिटेरियन चर्चचा प्रमुख मॉडरेटरच असतो, तिथे तो शब्द चपखल.

आता ‘विश्वासू’. ‘सुवार्तेशी विश्वासू’ यातला ‘शी’ खटकतो, शंका रास्त आहे. मराठी बायबलमध्ये ‘विश्वासू’ हे बहुधा सेवकाचं, कारभाऱ्याचं विशेषण. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात ते तसंच येतं. सोपवलेलं जपून सांभाळणारा, हा त्यातला भाव. म्हणून ‘सुवार्तेचा विश्वासू कारभारी’ किंवा ‘सुवार्तेला धरून राहणारा’ लिहावं. ‘सुवार्तेशी एकनिष्ठ’ व्याकरणात बसतं, पण सोपवणुकीचा अर्थ त्यात येत नाही. कॅथलिक बिशपांबद्दल लिहिताना ‘सुवार्ता’ऐवजी ‘शुभवर्तमान’ही चालेल.