पेनिसिलिनपासून सुरुवात करू नको

अरे, जंतूंवरच्या औषधांचा इतिहास तू थेट १९२८ आणि पेनिसिलिन शोधणाऱ्या फ्लेमिंगपासून वाचायला घेतलायस ना, म्हणूनच गोंधळ होतोय. आधी जरा मागे जा, जर्मनीत. तिथले शास्त्रज्ञ पॉल एर्लिख रंग वापरून पेशी रंगवायचे, आणि त्यांना वाटलं की रंग जर ठराविक पेशींनाच धरतो तर जंतूला मारणारं पण माणसाला सोडणारं औषधही मिळायलाच हवं. १९०९ मध्ये त्यांच्या लॅबमध्ये साहाचिरो हाता यांनी आर्सेनिकचं ६०६ नंबरचं संयुग सशांवर पुन्हा तपासलं आणि सिफिलिस या गुप्तरोगावर ते चाललं, १९१० मध्ये तेच साल्व्हरसान म्हणून बाजारात आलं.

पण खरा वेळ दे तो प्रॉन्टोसिल या औषधाला, माझ्या मते सगळ्यात भारी गोष्ट हीच आहे. लालभडक रंग, टेस्ट ट्यूबमध्ये जंतूंना काहीच करत नाही, पण जर्मन शास्त्रज्ञ गेर्हार्ड डोमाक यांनी १९३२ मध्ये स्ट्रेप्टोकोकस हे जंतू टोचलेल्या उंदरांना दिला तर उंदीर चक्क जगले! कारण १९३५ मध्ये पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये कळलं, शरीरात हा रंग तुटतो आणि त्यातून सल्फानिलामाइड सुटतं, औषध ते आहे. त्याच वर्षी डोमाक यांच्या छोट्या मुलीच्या हातात सुई घुसली, इन्फेक्शन पसरलं, हात कापायची वेळ आली होती, बापाने हेच औषध दिलं आणि हात वाचला.

म्हणून वाचताना प्रत्येक औषधापुढे लिहून ठेव, हे टेस्ट ट्यूबमध्ये चाललं, प्राण्यात की माणसात. मग पेनिसिलिनला ये, आणि तिथेही १९४० चा ऑक्सफर्डचा उंदरांवरचा प्रयोग आधी वाच.