स्विफ्ट डिझेलचा जोर वाढवायचाय: आधी रिमॅप की आधी क्लच?

तुम्ही विचारलंय: २०१३ ची स्विफ्ट डिझेल, एमएच ४४, १ लाख ३० हजार किलोमीटर झालेली. अंबाजोगाई-लातूर नेहमीचं, महिन्यातून एकदा पुणे. चार माणसं आणि सामान भरलं की घाटात दम टाकते. ८० हजारांत रिमॅप, मोठा टर्बो, हेवी क्लच यातलं आधी काय करावं, आणि ९० एचपीवाल्या गाडीचा टर्बो हिला बसेल का?

आधी इंजिनाची तब्येत, मग क्लच, मग टायर-ब्रेक, आणि हे सगळं झाल्यावर हलका रिमॅप, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरमधली (ईसीयू) फाइल बदलणं. टर्बो, म्हणजे इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा, आहे तोच राहू द्या.

माझीही स्विफ्टच आहे, २०१२ ची, बीडला असते. मी सुरुवात रिमॅपपासून केली होती. लॅपटॉप घेऊन आलेल्या मुलाने अर्ध्या तासात फाइल टाकली, ९५ एचपी आणि २४० एनएम होईल म्हणाला. दोन महिने गाडी खरंच पळाली. काटा दोन हजारांवर गेला की पाठ सीटला चिकटायची. मग नोव्हेंबरात ऊस सुरू झाला आणि मांजरसुंब्याच्या घाटात दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर पुढे आला. तिसऱ्या गेअरमध्ये होतो, ओव्हरटेकला पाय पूर्ण दाबला. आरपीएमचा काटा २२०० वरून सरळ ३२०० वर गेला, स्पीडोमीटर मात्र ५० वरच. इंजिन ओरडतंय, गाडी पुढे सरकत नाही, डाव्या हाताला उसाने लादलेली ट्रॉली आणि मागून ट्रकचा हॉर्न. मागच्या सीटवर बायको आणि मुलगी. पाय काढला, कसाबसा ट्रॉलीच्या मागे परत आलो, आणि मग तो जळक्या क्लचचा वास आला, केस जळाल्यावर येतो तसा. दोन दिवस तो गाडीतून गेला नाही.

मिस्त्रींनी गिअरबॉक्स उतरवला तेव्हा मी शेजारीच उभा होतो. क्लच प्लेटचं अस्तर रिव्हेटपर्यंत झिजलेलं, आणि फ्लायव्हीलच्या (इंजिनाची जड चकती, जिला क्लच प्लेट धरते) तोंडावर निळे-जांभळे डाग, मोरपिसावर असतात तसे. लोखंड तापून निळं पडलं की त्यावर नवी प्लेट नीट धरत नाही, थरथरते. म्हणून फ्लायव्हील लेथवर नेऊन फेसिंग करून घ्यावं लागलं. (काही डिझेल गाड्यांना ड्युअल मास फ्लायव्हील असतं, ते असं लेथवर घेत नाहीत. खराब झालं तर बदलावंच लागतं, आणि ते महाग पडतं. त्यामुळे आधी बघून घ्या.)

आता हे का झालं ते सांगतो, कारण तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर त्यातच आहे.

क्लच, गिअर, एक्सल यांच्यावर ताण येतो तो टॉर्कचा, म्हणजे फिरवण्याच्या जोराचा, जो एनएममध्ये मोजतात. एचपी म्हणजे तो टॉर्क किती वेगाने फिरतोय त्याचा हिशोब. एनएम गुणिले आरपीएम, भागिले ७०२४, की एचपी येतो. तुमच्या गाडीचे कंपनीचे आकडे ७५ एचपी ४००० आरपीएमला आणि १९० एनएम २००० आरपीएमला. हिशोब करून बघा: २००० आरपीएमला १९० एनएम म्हणजे जेमतेम ५४ एचपी. आणि ४००० ला ७५ एचपी आहे म्हणजे तिथे टॉर्क १३२ च्या आसपास उतरलेला. म्हणजे २००० ला गाडी ओढते आणि वर जाता जाता तिचा श्वास संपत जातो. घाटात ओव्हरटेक करताना तुम्हाला हेच जाणवतंय.

हेच १२४८ सीसीचं फियाटचं मल्टिजेट इंजिन ९० एचपीच्या रूपात अर्टिगा आणि सियाझमध्ये आलं. (पुण्याला जाताना रांजणगाव लागतं ना, तिथल्या कारखान्यातही हे इंजिन बनायचं.) त्यात व्हीजीटी, म्हणजे पाती हलवून हवेचा मार्ग लहानमोठा करणारा टर्बो होता. त्याचा टॉर्क किती? २०० एनएम. एचपी १५ ने वाढला, टॉर्क फक्त १० ने. कंपनीने तळाचा धक्का वाढवलाच नाही, वरचा श्वास वाढवला. माझ्या फाइलने नेमकं उलट केलं होतं, २००० आरपीएमला एकदम ५० एनएम जास्त ओतले होते. अंगाला धक्का जाणवतो, गिऱ्हाईक खूश होतं, आणि पहिल्या गेअरमध्ये तोच धक्का दहापटीहून जास्त होऊन एक्सलपर्यंत पोचतो.

म्हणून रिमॅप करायला जाल तेव्हा एचपीचा आकडा विचारू नका. सांगा की टॉर्क २१५ च्या वर नको, १८०० च्या आधी चढ नको, पण तो २१५ जमेल तितका ३००० पर्यंत टिकवा. ३००० आरपीएमला २१५ एनएम म्हणजे जवळजवळ ९२ एचपी होतात. ३००० ला आत्ता तुमच्याकडे ७५ पेक्षा जास्त असूच शकत नाहीत. घाटात हा फरक भरपूर होतो. छोटा टर्बो ३००० पर्यंत दमत असेल तर आकडा कमी करा, डिझेल वाढवून भरपाई करू नका. माझ्या गाडीत आज साधारण अशीच फाइल आहे, दुसऱ्या माणसाने बसून, रस्त्यावर तीनदा चालवून बनवलेली. पाठीला धक्का बसत नाही, पण तिसऱ्या गेअरमध्ये ट्रॅक्टर मागे पडतो.

व्हीजीटी टर्बो नुसता उचलून तुमच्या गाडीला बसवता येत नाही. त्याची पाती ईसीयू हलवतो, आणि तुमच्या ईसीयूला, वायरिंगला ते माहीतच नाही. मोठा साधा टर्बो टाकला तर तो फिरायलाच उशीर करेल. या इंजिनात २००० च्या खाली आधीच पोकळी आहे, ती २५०० पर्यंत वाढेल आणि रोजच्या वापरात गाडी आत्तापेक्षा मंद वाटेल.

बाजारात मिळणारा ट्यूनिंग बॉक्स घेऊ नका. स्वस्तातला बॉक्स रेल प्रेशरच्या, म्हणजे इंजेक्टरकडे जाणाऱ्या डिझेलच्या दाबाच्या, सेन्सरचा सिग्नल खोटा दाखवतो. ईसीयूला वाटतं प्रेशर कमी आहे, म्हणून तो पंपाकडून आणखी प्रेशर मागतो, आणि डिझेल जास्त जातं. हवा किती येतेय, इंजिन किती तापलंय, याचा त्या बॉक्सला पत्ता नसतो. हवा कमी आणि डिझेल जास्त झालं की काळा धूर निघतो, आणि एक्झॉस्ट तापतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४३ ला जातो. २५ अंशांच्या हवेपेक्षा त्या हवेत, त्याच दाबाला, साधारण ६ टक्के ऑक्सिजन कमी असतो. जानेवारीत स्वच्छ पळणारी गाडी मेमध्ये धूर सोडते ती यामुळेच. म्हणून फाइल तपासायची तर उन्हाळ्यात, दुपारी, एसी लावून, भरल्या गाडीने तपासा.

आता तब्येत. १ लाख ३० हजारांवर माझा अनुभव असा की निम्मा हरवलेला पिकअप दुरुस्तीतच परत येतो. पहिली गोष्ट इंजेक्टरची रिटर्न टेस्ट. आमचे मिस्त्री मेडिकलमधून सलाईनच्या नळ्या आणतात, चारही इंजेक्टरच्या रिटर्नला लावतात आणि चार सारख्या बाटल्यांत सोडतात. इंजिन काही मिनिटं चालवायचं आणि बाटल्या ओळीने ठेवून बघायच्या. माझ्या गाडीत तीन बाटल्या सारख्या होत्या, चौथी दुपटीने भरली होती. त्या इंजेक्टरचं डिझेल सिलेंडरमध्ये जाण्याऐवजी मागेच फिरत होतं. असा इंजेक्टर असताना रिमॅप म्हणजे तापलेल्या माणसाला पळायला लावणं.

दुसरं, टर्बोचे होज पाईप. क्लॅम्पजवळ तेलकट काळा थर दिसला तर तिथून हवा गळते आहे. तिसरं, ईजीआर (एक्झॉस्टचा थोडा धूर परत इंजिनात सोडणारी झडप) आणि इंटेक (हवा आत जायचा मार्ग). माझं इंटेक उघडलं तेव्हा काजळी आणि तेलाचा गाळ इतका होता की भोक निम्मं बुजलं होतं. ते साफ करा, पण ईजीआर बंद करू नका आणि कॅटॅलिटिक (धूर स्वच्छ करणारा भाग) काढू नका. एअर फिल्टर आपल्या काळ्या मातीच्या धुळीत पुस्तकात लिहिलंय त्याच्या आधीच बदला. ऑइलची पातळी दर महिन्याला बघा. या इंजिनात टायमिंग चेन आहे आणि ऑइल कमी किंवा जुनं झालं की ती वाजायला लागते. वाजत असेल तर आधी चेन, बाकी सगळं नंतर.

क्लच घसरतोय का ते रिकाम्या सरळ रस्त्यावर घरच्या घरी कळतं. चौथ्या गेअरमध्ये १८०० आरपीएमला पाय पूर्ण दाबा. आरपीएमचा काटा स्पीडोमीटरला सोडून पुढे पळाला तर प्लेट संपली. तुमच्या किलोमीटरला मी न तपासताच बदलली असती: प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग, तिन्ही एकदम, कारण मजुरी गिअरबॉक्स उतरवण्याचीच असते. २१५ एनएमला नवीन ओरिजिनल किट पुरतो. हेवी क्लच घेतलात तर लातूरच्या गर्दीत डावा पाय भरून येईल. गिअरबॉक्स खाली आलेलाच आहे तर गिअर ऑइल, ऑइल सील आणि इंजिनाची माउंटिंगही बघून घ्या. माउंटिंग बसलेली असली की जोर वाढल्यावर गिअर टाकताना धक्के बसतात. एक्सलच्या रबरी बूटला चीर असेल तर आत धूळ जाऊन सीव्ही जॉइंट वाजतो, वळणावर कटकट ऐकू येते.

स्विफ्टच्या व्हीडीआय मॉडेलचे टायर १६५ चे आहेत. वरच्या झेडडीआय मॉडेलला कंपनीनेच १८५/६५ आर १५ दिले होते, रिमसकट तेच बसवा, त्याहून रुंद नको. पुढे चांगले ब्रेक पॅड, नवीन ब्रेक ऑइल. ८० वरून १०० ला गेलात की थांबवायची ऊर्जा ५६ टक्के वाढते, आणि तुमच्या मागच्या चाकांना ड्रम आहेत.

कायद्याचं स्पष्ट सांगायला हवं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा बदल गाडीत करता येत नाही, सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच सांगितलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड होऊ शकतो. विमा कंपनीला न सांगता जोर वाढवला तर अपघाताच्या वेळी क्लेम अडू शकतो, म्हणून आधी त्यांना लेखी विचारा. पीयूसीला धुराची मर्यादा बीएस ४ डिझेलला १.६२ आणि त्याआधीच्या गाड्यांना २.४५ आहे. काळा धूर सोडणारी फाइल तिथेच पकडली जाते, आणि तो धूर मागच्या मोटरसायकलवाल्याच्या तोंडावर जातो. हे सगळं वाचून रिमॅप नको वाटला तर नका करू, माझी त्याला काहीच हरकत नाही. नुसती दुरुस्ती आणि नवा क्लच करून आधी महिनाभर चालवा, बहुतेक घाटातली तक्रार तिथेच निम्मी होईल.

केलातच तर मूळ फाइल पेन ड्राइव्हवर मागून घ्या, दिल्याशिवाय पैसे देऊ नका. माझ्या पहिल्या मुलाने ती ठेवलीच नव्हती, आणि मूळ मॅप परत मिळवायला मला दोन महिने फिरावं लागलं.

इंजेक्टरची रिटर्न टेस्ट झाली की चारही बाटल्यांचा फोटो इथेच टाका. इंजिन किती मिनिटं चालवलं तेही लिहा, म्हणजे पुढचं बघता येईल.